रिकाम्या पुंगळीचं भरलेलं आयुष्य

गोळी सुटते, आवाज विरतो आणि जमिनीवर उरते एक काळवंडलेली पितळी पुंगळी. बहुतेकांच्या लेखी तिचं काम संपलेलं असतं. प्रत्यक्षात तिथून तिची दुसरी गोष्ट सुरू होते. कधी ती घासूनपुसून पुन्हा कामाला लागते, कधी भट्टीत जाते, कधी न्यायालयात साक्ष देते, तर कधी एखाद्या गरिबाच्या घरावर घाला घालते.

दिवाळी चार दिवसांवर आली, की माळ्यावरचं पितळ खाली उतरतं. समई, निरांजन, पंचपात्री, आजीच्या काळातला तो जडशीळ हंडा. चिंचेचा कोळ, मीठ किंवा लिंबाची फोड घेऊन घरातल्या बायका बसतात आणि तासाभरात काळपट भांडी सोन्यासारखी लखलखू लागतात. पुण्याच्या सदाशिव पेठेत हे जसं चालतं, तसंच रायपूरच्या चौबे कॉलोनीतही. छत्तीसगडशी मराठी माणसाचं नातं नागपूरकर भोसल्यांपासूनचं. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. पुढे नोकरी-व्यवसायानिमित्त मराठी कुटुंबं रायपुरात येत राहिली. १९३५ साली स्थापन झालेलं इथलं महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलोनीतच आहे. देवघरातलं पितळ या कुटुंबांबरोबर आलं आणि ते घासायची रीतही.

शिवाय हा सगळा मुलूखच पितळ-काशाचा. रायपूरहून बिलासपूरच्या पुढे गेलं, की चांपा लागतं. कोसा, कांसा आणि कंचन ही त्या गावाची ओळख. दक्षिणेला बस्तरचे कारागीर मेणाच्या साच्यावर ढोकरा मूर्ती ओततात. पश्चिमेला नागपूरच्या वाटेवर भंडारा. पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव इतकं प्रसिद्ध, की त्याचं नावच पितळ या अर्थाच्या ‘भाण’ शब्दावरून आलं, असं सांगतात. याच भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला काडतुसात आणि तोफेत भरण्याची दारू बनवणारी आयुध निर्माणी आहे. एकाच जिल्ह्यात पितळही आणि दारूही! या दोघांची गाठ पडते, ती काडतुसात.

समईचं सख्खं भावंड

काडतूस म्हणजे चार वस्तूंचं बिऱ्हाड. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी आणि या सगळ्यांना सांभाळणारी पितळी पुंगळी. बंदुकीतून गोळी बाहेर पडते. पुंगळी मात्र मागे राहते.

पुंगळीसाठी पितळच का? त्यात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. या प्रमाणातलं पितळ विलक्षण लवचीक होतं. एका चकतीपासून आधी वाटी, मग ती ओढत-ओढत लांबट नळी, असा तिचा प्रवास असतो. बार उडाला, की रायफलीच्या आत वातावरणाच्या दाबाच्या तीन-चार हजार पट दाब निर्माण होतो. त्या क्षणी पुंगळी फुगते आणि नळीच्या भिंतीला घट्ट चिकटून बसते, त्यामुळे गरम वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला, की ती पुन्हा किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. हे सगळं घडतं डोळ्याचं पातं लवायच्या आत. लोखंड इतकं समजूतदार नाही आणि तांबं एकटं फार मऊ पडतं.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या निर्माणीत १९६४ पासून बंदुकीची काडतुसं बनतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने सरकारी कंपन्यांच्या अखत्यारीत गेले आणि त्यांतल्या ‘म्युनिशन्स इंडिया’ या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आलं.

पितळ ठोकलं किंवा ओढलं, की कडक होतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे शाळकरी पोरही सांगेल. हातोडीचे ठोके एकाला एक लावून केलेल्या मठारकामानं भांड्याला चकाकी येते आणि ताकदही. पण ठोकत राहिलं तर पत्रा तडकतो. म्हणून तांबट मधूनमधून भांडं भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घेतो. कारखान्यातली पुंगळीही अशीच दर टप्प्याला तापवली जाते. शेवटी बूड कडक ठेवायचं आणि तोंड मऊ, ही त्यातली खुबी. नव्या लष्करी काडतुसाच्या गळ्याशी जी निळसर-तपकिरी झाक दिसते, तो मळ नसतो. ती त्या शेवटच्या शेकाची खूण असते.

पावसाळा, तबेला आणि एक कोडं

हा शेक किती मोलाचा, हे जगाला शिकवलं ते भारतातल्या पावसाळ्यानं. ब्रिटिश राजवटीत पावसाच्या महिन्यांत फौजेच्या हालचाली थंडावत. दारूगोळा कोरड्या जागी ठेवायचा म्हणून पुष्कळदा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवला जाई. पावसाळा संपल्यावर पेट्या उघडाव्यात, तर कित्येक पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले! कुणी हात लावलेला नाही, कुठे आपटलेल्या नाहीत, तरी पितळ फाटलेलं. ऋतुमानानुसार येणारी ही पीडा म्हणून इंग्रजीत तिच्या नावातही ‘सीझन’ हा शब्द येऊन बसला.

कोडं उलगडलं १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी दाखवून दिलं, की गुन्हेगार दोन आहेत. एक म्हणजे घोड्यांच्या मुतातून हवेत मिसळणारा अमोनिया. दुसरा म्हणजे पितळ ओढताना त्याच्या अंगात कोंडून राहिलेला ताण. एकटा अमोनिया असता तर धातू फार तर डागाळला असता. एकटा ताण असता तर वर्षानुवर्षं तसाच मुरून राहिला असता. दोघं एकत्र आले आणि पितळ उभं चिरलं गेलं. उपायही मग सापडला. पुंगळी बेताच्या आचेवर शेकून आतला ताण सैल करायचा.

घरच्या पितळेलाही हा धडा लागू आहे. काच पुसण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. पितळ त्यानं झटपट चमकतं, पण पातळ पत्र्याच्या, ठोकीव किंवा ओढीव वस्तूला आतल्या आत इजा होऊ शकते. काडतुसांच्या पुंगळ्या साफ करणारे जाणकार म्हणूनच अमोनियायुक्त पॉलिशपासून चार हात लांब राहतात.

घासणं, पारखणं, पुन्हा भरणं

अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत नेमबाज आपल्या वापरलेल्या पुंगळ्या जपून ठेवतात आणि त्या पुन्हा भरून घेतात. काडतुसात सगळ्यात महाग भाग असतो पुंगळीचा. गोळी आणि दारू एकदाच वापरली जाते. पुंगळी मात्र नीट राखली तर अनेकदा कामाला येते.

या साफसफाईची रीत पाहिली, तर आपल्या बायकांना हसू येईल. कारण पुष्कळशी रीत त्यांचीच! पूर्वी व्हिनेगर किंवा लिंबाच्या सत्वाच्या सौम्य पाण्यात पुंगळ्या बुडवून काढत. चिंच-लिंबू आणि हे पाणी यांचा गुण एकच. आम्लानं वरचा काळा थर सुटतो. फार वेळ ठेवल्या, तर पितळावर लालसर झाक येते, कारण जस्त आधी विरघळतं आणि तांबं वर दिसू लागतं. रात्रभर चिंचेत ठेवलेला तांब्या सकाळी गुलाबी झालेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता यंत्रं आली आहेत. थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या कवचांचा भरडा किंवा मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा चुरा घालतात आणि त्यात पुंगळ्या काही तास घोळवतात. दुसऱ्या तऱ्हेत साबणाचं पाणी आणि बारीक पोलादी काड्या घातलेलं पिंप फिरवतात. आपल्याकडे राख, रांगोळी आणि नारळाची शेंडी जे करते, तेच हे.

पण चकचकीत पुंगळी म्हणजे चांगली पुंगळी नव्हे. खरं काम पुढे असतं, पारखण्याचं. गळ्याला केसाएवढी चीर आहे का? बुडाच्या जरा वर उजळ कडं उमटलंय का? तसं कडं म्हणजे तिथला पत्रा आतून झिजल्याची खूण. अशी पुंगळी पुढच्या बाराला दोन तुकडे होऊ शकते आणि मग तो हजारो पट दाब नेमबाजाच्या डोळ्यांकडे उलटतो. जुन्या काळच्या टोप्यांत पाऱ्याचं संयुग असे. त्या एकदा वापरल्या, की पारा पितळात मुरून ते ठिसूळ होई. पुंगळी वरून कितीही झळको, पुन्हा भरण्याच्या लायकीची उरत नसे. म्हणून जाणकार माणूस चमक बघून भुलत नाही. मळ काढतो तो पुंगळी सुंदर दिसावी म्हणून नव्हे, तर तडा दिसावा म्हणून.

बायकांच्या हातांनी

पहिल्या महायुद्धात तर हा छंद नव्हता, निकड होती. तोफांच्या भडिमारानं पितळेचा तुटवडा पडला. आघाडीवरच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून ब्रिटनमध्ये परत आणल्या जात. तिथे त्या धुऊन, घासून, ठाकठीक करून पुन्हा भरायला पाठवत. पुरुष लढाईवर गेलेले असल्यानं या कामावर मोठ्या संख्येनं बायका होत्या. त्या काळच्या तोफेच्या पुंगळीचं बूड नीट पाहिलं, तर ती किती वेळा भरली गेली, हे तिथे ठोकलेल्या खुणांवरून वाचता येतं. ज्या पुंगळ्या परत गेल्या नाहीत, त्यांच्या सैनिकांनी नक्षीदार फुलदाण्या केल्या. आज त्या युरोपातल्या संग्रहालयांत आहेत.

मात्र या कामाला एक किंमत असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. काडतुसाच्या टोपीत अनेकदा शिशाचं संयुग असतं. बार उडाल्यावर त्याचा अंश काळ्या पुडीच्या रूपात पुंगळीच्या आत चिकटून राहतो. पुंगळ्या कोरड्या घोळवल्या, की तीच पूड भरड्यात मिसळते आणि झाकण उघडताच हवेत उडते. श्वासावाटे, बोटांवाटे, कपड्यांवाटे ती घरात शिरते. शिशाचा सगळ्यात मोठा फटका बसतो लहान मुलांना. त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणूनच परदेशातले शहाणे नेमबाज हे काम कधीही स्वयंपाकघरात करत नाहीत. ताटल्या धुण्याच्या यंत्रात पुंगळ्या टाकत नाहीत आणि काम झाल्यावर हात साबणानं धुऊन कपडे बदलल्याशिवाय मुलाला उचलून घेत नाहीत.

स्वप्निलची पुंगळी का भरता येत नाही?

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझपदक जिंकलं. त्याआधी २०१० साली म्युनिकमध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवलं होतं. या स्पर्धांत पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटरचं छोटं काडतूस वापरतात. स्वप्निलच्या प्रकारात पात्रता फेरीतच ६० बार टाकावे लागतात. सरावाचे तर मोजायलाच नकोत.

साहजिकच वाटेल, की एवढ्या पुंगळ्या पुन्हा भरल्या तर केवढा खर्च वाचेल! पण ते शक्य नाही. मोठ्या काडतुसांत टोपी वेगळी असते, ती काढून नवी बसवता येते. या छोट्या काडतुसात मात्र ठिणगीचा मसाला पुंगळीच्या दुमडलेल्या काठातच भरलेला असतो. बंदुकीचा घोडा तो काठ चेचून बार उडवतो. एकदा चेचला, की संपलं. ही पुंगळी थेट भंगारात जाते.

मोठ्या काडतुसांच्या बाबतीतही आपल्याकडे हा घरबसल्या करायचा उद्योग नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा बनवणाऱ्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा होऊ शकते. पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे. तरीही आठवण म्हणून ठेवलेली पुंगळी बॅगेत विसरून विमानतळावर गेलात, तर विमान चुकलंच म्हणून समजा. लष्करात आणि पोलिसांत तर सराव संपल्यावर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात.

भंगाराचा मोह

पितळ भंगारातही चांगल्या भावानं जातं. लष्करी सराव चालतो त्या मैदानांभोवतीच्या गावांत हा भाव जिवावर बेततो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या के.के. रेंजसारख्या ठिकाणी वेचलेलं भंगार फोडताना अपघात घडले आहेत. रिकामी पुंगळी निरुपद्रवी असते. पण तिच्या शेजारी पडलेला, न फुटलेला गोळा निरुपद्रवी नसतो, आणि मातीत अर्धवट रुतलेल्या या दोन्हींतला फरक दहा वर्षांच्या पोराला काय, त्याच्या बापालाही ओळखता येत नाही.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ, सोनेगाव आबाजी इथल्या मैदानावर, जुना दारूगोळा निकामी करण्याचं काम चालू असताना स्फोट झाला. सहा जण मृत्युमुखी पडले. रोजंदारीवर आलेले आसपासच्या गावांतले मजूर त्यांत होते. त्याआधी ३० सप्टेंबर २००४ रोजी गाझियाबादजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगाराबरोबर जिवंत तोफगोळे आले आणि स्फोटात दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले. गावच्या माळरानावर असा तपासनीस नसतो. तिथे तपासनीस व्हावं लागतं ते आईबापांनीच.

न घासलेली साक्ष

एवढं घासण्या-पुसण्याचं पुराण झाल्यावर एक उलटा नियमही सांगायला हवा. पुंगळी गुन्ह्याच्या जागी सापडली, तर ती मुळीच साफ करू नये! बंदुकीची पिन जिथे आदळते तिथे, आणि पुंगळी ओढून बाहेर फेकणारी आकडी जिथे लागते तिथे, सूक्ष्म खुणा उमटतात. प्रत्येक शस्त्राच्या खुणा वेगळ्या. १९२९ साली शिकागोत सात जणांची हत्या झाली, तेव्हा कॅल्विन गॉडार्ड या तज्ज्ञानं जमिनीवर पडलेल्या पुंगळ्या आणि गोळ्या तपासून पुढे वापरलेल्या बंदुकाही ओळखल्या. आपल्याकडे १९३० मध्ये कलकत्ता पोलिसांनी शस्त्रतज्ज्ञ नेमून अशी छोटी प्रयोगशाळा सुरू केली. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यातही कलिना इथल्या न्यायसहायक प्रयोगशाळेच्या शस्त्रतज्ज्ञाचा पुरावा न्यायालयापुढे आला. पुंगळीला वाचा नाही, पण तिच्या अंगावरचा ओरखडा खोटं बोलत नाही. हौसेनं ती पुसून खिशात टाकणारा माणूस नकळत एक साक्षीदार गप्प करत असतो.

हे ध्यानात ठेवा

• रस्त्यात, शेतात किंवा माळावर काडतूस, पुंगळी किंवा गोळ्यासारखी वस्तू दिसली तर उचलू नका, पायानं ढकलू नका. जागा लक्षात ठेवा, मुलांना लांब न्या आणि ११२ क्रमांकावर कळवा.

• घरात आजोबांच्या वेळची काडतुसं सापडली, तर ती रिकामी आहेत की भरलेली हे स्वतः ठरवू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला सांगा आणि ते सांगतील तसं करा.

• भंगार विकताना किंवा घेताना अनोळखी, बंद तोंडाची, जड नळकांडी वेगळी काढायला सांगा. ती तोडू, तापवू किंवा ठोकू नका.

• शोभेची पुंगळी किंवा फुलदाणी मुलांना तोंडात घालू देऊ नका. हाताळल्यावर हात साबणानं धुवा.

• पितळेच्या भांड्यांना चिंच, लिंबू, पीठ-मीठ उत्तम. मात्र फार वेळ भिजत ठेवू नका आणि अमोनिया असलेलं द्रावण वापरू नका. घासून झाल्यावर भरपूर पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करा.

• आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत ठेवू नका. हिरवा कळंक चढलेलं भांडं आधी स्वच्छ घासा, कल्हई करून घ्या आणि मगच चुलीवर चढवा.